‘नो कॉपी’ लावलेलं होतं, तरी नऊवारी चोरीला गेली

पत्र थोडक्यात असं: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका वाचक ताई काही वर्षांपासून ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात नऊवारी, नथ, ठुशी, कोल्हापुरी साज असा पेहराव तयार करून विकतात. परदेशातली मराठी मंडळी आणि इतरही ग्राहक आहेत. गणपती-दिवाळीला विक्री चांगली होते. महिन्यापूर्वी त्यांना मार्केटप्लेसवर आपलीच नऊवारी दुसऱ्या दुकानात पावकिमतीला दिसली, निर्माता म्हणून तिसऱ्याच कुणाचं नाव. एका ग्राहकाने कळवलं की तोच पेहराव एका ओपनसिम ग्रिडवर (सेकंड लाइफसारख्याच, पण दुसऱ्या कुणीतरी उभ्या केलेल्या जगात) फुकट वाटला जातोय. आणखी एका दुकानातली नथही ‘हुबेहूब माझ्यासारखी’ आहे. त्या विचारतात: सगळ्याला ‘नो कॉपी’ लावलेलं असताना हे झालंच कसं? कंपनी गप्प का? भारतात कॉपीराइट नोंदवू का? त्या दुकानाचं नाव ग्रुपमध्ये जाहीर करू का? की सगळं बंदच करू? पत्रात ओघाने दोन गोष्टी आल्या आहेत. निऱ्या आणि पदराच्या चुण्या पुण्यातल्या एका ओळखीच्या मुलाने पैसे घेऊन करून दिल्या होत्या, आणि काठाचं जरीचं टेक्स्चर (कापडावर चढवायचं चित्र) एका संकेतस्थळावरून घेतलं होतं. आपलं खरं नाव समोरच्याला कळू नये, अशीही त्यांची इच्छा आहे.

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रश्नांकडे येण्याआधी एक विनंती. एवढ्यात कुणालाही काही लिहू नका. त्या विक्रेत्याला नाही, कंपनीला नाही, ग्रुपमध्ये तर नाहीच. माल विक्रीला आहे तोवरच पुरावा गोळा करता येतो. कुणकुण लागली की दुकान एका रात्रीत बंद होतं, अवताराचं (त्या जगातल्या पात्राचं) नाव बदलतं, आणि तुमच्या हातात फक्त ‘मी पाहिलं होतं’ एवढंच उरतं.

मार्केटप्लेसचं पान पूर्ण पत्त्यासह पीडीएफ करून ठेवा. दुकान सेकंड लाइफच्या जगातही असेल तर तिथे जा आणि पोहोचल्यापासून बाहेर पडेपर्यंत स्क्रीनचं सलग रेकॉर्डिंग करा. रीजनचं (त्या जगातल्या भूभागाचं) नाव, कोऑर्डिनेट्स आणि वेळ दिसली पाहिजे. डेमो मिळत असेल तर घ्या, आणि शक्य असेल तर एक प्रत विकतही घ्या. चोराला पैसे देणं जिवावर येतं, पण व्यवहाराच्या नोंदीत विक्रेत्याचं नाव, तारीख आणि रक्कम अशी येते की ती नंतर कुणाला नाकारता येत नाही. विकत घेतलेली वस्तू अंगावर न घालता जमिनीवर ठेवा, एडिट उघडा आणि निर्माता, मालक, लँड इम्पॅक्ट (वस्तू जमिनीचा किती कोटा व्यापते तो आकडा), परवानग्या हे सगळं टिपून घ्या.

मग शेजारी तुमची मूळ नऊवारी ठेवा आणि कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून दोन्ही वायरफ्रेममध्ये, म्हणजे वस्तू ज्या त्रिकोणी जाळीची (मेशची) बनते तिच्या नुसत्या रेषांत, बघा. खरी तुलना इथे होते. रंग आणि काठ सारखे असणं योगायोग म्हणून खपवता येतं. कासोट्याजवळच्या चुणीत त्रिकोणांच्या तिरक्या रेषा दोन्हीकडे एकाच दिशेने जात असतील, यूव्हीच्या (चित्र जाळीवर पसरवण्याच्या आराखड्याच्या) शिवणी एकाच जागी पडत असतील, आणि तुमच्याकडून राहिलेली एखादी चूक (आत दबलेला एखादा बिंदू, ताणलं गेलेलं टेक्स्चर) तिथेही जशीच्या तशी असेल, तर ती वस्तू पाहून बनवलेली नाही, उचललेली आहे. दोन माणसांनी स्वतंत्रपणे घडवलेल्या घडीदार कापडाची जाळी इतकी जुळत नाही. सावल्यांचंही तसंच आहे. तुम्ही ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये बेक केलेली सावली टेक्स्चरमध्ये मुरलेली असते. चोराने वरून रंग बदलला तरी सावलीचे डाग त्याच जागी राहतात.

या सगळ्या फाइल्स एका फोल्डरमध्ये ठेवून प्रत्येकीचा एसएचए-256 हॅश (फाइलचा ठसा; फाइल जराही बदलली की तो बदलतो) काढा आणि ती यादी स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. विंडोजमध्ये पॉवरशेलमधून हे होतं, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. प्रकरण भारतीय न्यायालयात गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात हॅश लिहावा लागतो. पुढे धावपळ करण्यापेक्षा आत्ताच काढलेला बरा.

आता ‘नो कॉपी असताना हे झालंच कसं’. तुमचा समज असा दिसतो की ‘नो कॉपी’ हे कुलूप आहे. प्रत्यक्षात ती सर्व्हरला दिलेली सूचना आहे: या ग्राहकाच्या इन्व्हेंटरीत (सामानाच्या यादीत) दुसरी प्रत होऊ देऊ नको. पण तुमची नऊवारी कुणाच्याही स्क्रीनवर दिसायची तर तिची जाळी आणि टेक्स्चर त्याच्या संगणकावर उतरावीच लागतात, नाहीतर तो संगणक ती रेखाटणार कशी? उतरलेला डेटा मध्येच पकडणारा प्रोग्राम असला की त्यातून फाइल तयार करता येते. ती पुन्हा अपलोड केली की अपलोड करणाराच ‘निर्माता’ म्हणून नोंदला जातो. तिसरंच नाव दिसतंय ते त्यामुळे. नोव्हेंबर 2006 मध्ये ‘कॉपीबॉट’ नावाचं साधन पसरलं तेव्हा कितीतरी दुकानदारांनी निषेध म्हणून दुकानं बंद ठेवली होती. त्यानंतर नियम कडक झाले, पण रचना तीच आहे, कारण चित्र दाखवण्याचा दुसरा मार्गच नाही. व्हीआरचॅट या दुसऱ्या आभासी जगात अवतार ‘रिप’ होतात, म्हणजे चोरून उचलले जातात, त्याचं मूळही हेच.

याला मोठा अपवाद आहे स्क्रिप्टचा. वस्तूला काय करायचं ते सांगणारा हा कोड, म्हणजे सेकंड लाइफच्या एलएसएल भाषेतली स्क्रिप्ट, सर्व्हरवर चालते. ग्राहकाला मॉडिफाय (बदल करण्याची) परवानगी दिलेली नसेल तर तिचा मजकूर त्याच्या संगणकावर येतच नाही. शेवटच्या प्रश्नाकडे येताना हा मुद्दा कामी येईल.

कंपनी गप्प का, याचं उत्तर कायद्याच्या रचनेत आहे. सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडेन लॅबने नोव्हेंबर 2003 मध्येच जाहीर केलं की रहिवाशांनी घडवलेल्या वस्तूंचे बौद्धिक संपदा हक्क रहिवाशांकडेच राहतील. त्या काळात हे मोठं पाऊल होतं. पण हक्क तुमचा म्हणजे तो बजावण्याची जबाबदारीही तुमची. अमेरिकेच्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यात मंचाला संरक्षण मिळतं ते रीतसर नोटीस आल्यावर माल हटवण्याच्या अटीवर. स्वतः गस्त घालण्याची सक्ती त्याच्यावर नाही. तुम्ही ‘अब्यूज रिपोर्ट’ केलेत आणि काही झालं नाही असं लिहिलंत. ते बटण छळ, धिंगाणा अशा तक्रारींसाठी आहे. कॉपीराइटची तक्रार त्या वाटेने पुढे जातच नाही.

नोटीस पाठवण्याआधी मात्र एक अवघड प्रश्न स्वतःला विचारा: या नऊवारीत नेमकं माझं काय आहे? पत्रात ‘माझी डिझाइन’ हे शब्द तुम्ही वारंवार वापरले आहेत, आणि माझी खरी काळजी तिथेच आहे.

नऊवारी नेसण्याची पद्धत, ओचा, कासोटा, बांगडी-मोर, मुनिया, असावली, नारळी काठ, नथीतल्या मोत्यांची मांडणी हे कुणा एकाचं नाही. शेकडो वर्षं कितीतरी हातांनी घडवलेलं आहे. कॉपीराइट कल्पनेला किंवा परंपरेला मिळत नाही. तुम्ही ती ज्या विशिष्ट रीतीने साकारली त्या रूपाला मिळतो. अमेरिकेत 2008 मध्ये ‘मेशवर्क्स विरुद्ध टोयोटा’ या खटल्यात अपील न्यायालयाने याहून पुढचं सांगितलं. गाड्यांची मापं घेऊन अतिशय मेहनतीने केलेली त्रिमितीय मॉडेल्स गाडीची निव्वळ बिनचूक नक्कल असतील, तर त्यांना स्वतंत्र कॉपीराइट नाही. आपल्याकडे ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या 2007 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही नुसते श्रम पुरेसे मानले नाहीत, किमान सर्जनशीलता हवी म्हटलं. म्हणजे कपाटातल्या खऱ्या ठुशीचे चहूबाजूंनी फोटो काढून स्कॅन केलेलं मॉडेल आणि स्वतः कल्पून घडवलेली ठुशी, यांत दुसरीचा हक्क कितीतरी पक्का.

तुमची नऊवारी या कसोटीवर चांगली उतरते. चालताना निऱ्या कशा फाकतात, पदर खांद्यावरून कसा पडतो, कुठे सावली गडद ठेवायची, पोत कसा रंगवायचा हे सगळे निर्णय तुमचे आहेत. तक्रारीत तेवढ्यावरच दावा करा: ‘माझं मेश आणि माझं रंगवलेलं टेक्स्चर जसंच्या तसं वापरलं आहे.’ ‘माझी नऊवारीची कल्पना चोरली’ असं लिहिलंत तर दावा ढिला पडेल.

आणि ती नथ. तुम्ही पाठवलेल्या दोन चित्रांत मोत्यांची संख्या सारखी आहे, पण आकार वेगळा, तारेचा वळसा वेगळा, खड्याचं कोंदण वेगळं. वायरफ्रेम जुळत नसेल तर माझ्या मते ती दुसऱ्या कुणीतरी स्वतः केलेली नथ आहे, आणि तसं करायचा त्या व्यक्तीला पूर्ण हक्क आहे. ती तक्रार सोडून द्या. अमेरिकी कायद्याच्या कलम 512(एफ)प्रमाणे जाणूनबुजून चुकीचा दावा केला तर नुकसानभरपाई आपल्यावरच येऊ शकते. आपल्या कायद्यातही निराधार धमक्यांविरुद्ध कलम 60 आहे. आणि दोन तक्रारींतली एक कच्ची निघाली की पक्क्या तक्रारीकडेही संशयाने पाहिलं जातं.

पुण्यातल्या मुलाचं काय? पैसे दिले म्हणजे काम आपलं झालं, असं बहुतेकांना वाटतं. भारतीय कॉपीराइट कायदा 1957, कलम 17 प्रमाणे पहिला मालक म्हणजे निर्माता. नोकरीत असताना केलेल्या कामाला अपवाद आहे. पैसे देऊन सांगितलेल्या छायाचित्र, चित्र, व्यक्तिचित्र, कोरीवकाम आणि चित्रपट यांनाही. त्रिमितीय शिल्पकाम त्या यादीत नाही, आणि तो मुलगा तुमचा नोकर नव्हता. म्हणजे चुण्यांच्या त्या भागावर आज कागदोपत्री त्याचा हक्क निघू शकतो. समोरच्याने आक्षेप घेताना नेमकं हेच धरलं तर?

उपाय सोपा आहे, पण नोटिशीच्या आधी करायला हवा. त्याच्याकडून हक्क हस्तांतराचा सहीचा लेख घ्या. कोणत्या फाइल्स (नावं आणि हॅशसह), कोणते हक्क, किती मोबदला, किती मुदत आणि कोणता प्रदेश हे त्यात स्पष्ट असू द्या. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आभासी जगासाठी ‘फक्त भारत’ निरुपयोगी आहे, म्हणून ‘संपूर्ण जग, कॉपीराइटची पूर्ण मुदत’ असंच लिहा. हस्तांतरित हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो मूळ मालकाकडे परत जातो अशीही तरतूद आहे. लेखात तसं होणार नाही हे नमूद करा. त्याला श्रेयही द्या. लेखक म्हणून नाव लावण्याचा कलम 57 खालचा त्याचा हक्क असल्या कागदाने जात नाही, आणि जाऊही नये.

काठाच्या टेक्स्चरचा परवाना शोधून वाचा. ‘मोफत’ आणि ‘विक्रीच्या वस्तूत वापरायला मोफत’ यांत अंतर आहे. आभासी जगात चालेल का, मूळ चित्र वेगळं काढता येईल अशा रूपात देता येईल का, हेही बघा. 2013 मध्ये लिंडेन लॅबने आपल्या अटी फार व्यापक केल्या तेव्हा सीजीटेक्स्चर्स या संग्रहाने आपली चित्रं सेकंड लाइफमध्ये वापरायलाच मनाई केली होती, आणि कित्येक दुकानदारांना जुना माल नव्याने रंगवावा लागला. तुमचा परवाना बरोबर असेल तर त्याची प्रत जपा आणि तक्रारीत काठ वगळून बाकीच्यावर दावा करा. नसेल तर काठ आधी स्वतः रंगवा, मालात बदला, मग दुसऱ्याकडे बोट दाखवा. काही भाग एआय साधनाने करून घेतला असेल तर तोही दाव्यातून वगळा. अमेरिकेचं कॉपीराइट कार्यालय माणसाने न घडवलेल्या भागाला संरक्षण देत नाही.

एवढं झाल्यावर नोटीस. लिंडेन लॅबच्या बौद्धिक संपदा धोरणाच्या पानावर नेमलेल्या प्रतिनिधीचा पत्ता आणि पाठवण्याची पद्धत असते. नोटिशीत तुमची सही (इलेक्ट्रॉनिक चालते), मूळ कृती कोणती, चोरीचा माल नेमका कुठे, तुमचा संपर्क, ‘हा वापर हक्कदाराच्या परवानगीविना होत असल्याचं मी प्रामाणिकपणे मानते’ हे विधान, आणि माहिती अचूक असल्याचं व खोटेपणाच्या शिक्षेची जाणीव ठेवून आपण हक्कदार किंवा त्याचे अधिकृत प्रतिनिधी असल्याचं विधान, एवढं लागतं. सगळ्यात जास्त नोटिसा अडतात त्या ‘माल कुठे’ या भागावर. ‘अमुक दुकानात माझी साडी आहे’ लिहून भागत नाही. मार्केटप्लेसच्या प्रत्येक लिस्टिंगचा पत्ता, जगातल्या जागेचा एसएलयूआरएल (तिथे नेणारी लिंक), वस्तूचं तिथलं नाव, मालक आणि निर्माता म्हणून दिसणारी नावं हे सगळं द्या. चार रंगांत चार लिस्टिंग असतील तर चारही. राहिलेली लिस्टिंग तशीच चालू राहते आणि मग कंपनीने अर्धवट काम केलं असं वाटतं.

मूळ कृतीच्या बाजूने अपलोडच्या शुल्काची नोंद जोडा. साध्या टेक्स्चरला लागणारे 10 लिंडेन डॉलर किंवा मेशचं शुल्क व्यवहाराच्या इतिहासात तारखेसह येतं आणि तुमचं अपलोड आधीचं होतं हे त्यावरून कळतं. हा इतिहास कायम दिसत राहत नाही, म्हणून दर महिन्याला उतरवून ठेवायची सवय लावा.

खरं नाव लपवण्याबद्दल. नोटिशीत खोटं किंवा फक्त अवताराचं नाव चालत नाही, आणि नोटिशीची प्रत समोरच्याला जाऊ शकते. पण कायदा ‘अधिकृत प्रतिनिधी’ला नोटीस देऊ देतो. वकिलांना लेखी अधिकारपत्र देऊन त्यांच्या सहीने आणि पत्त्याने नोटीस गेली तर तुमच्या घरचा पत्ता बाहेर जात नाही. मूळ हक्कदाराची ओळख वकिलांकडे असते, गरज पडेपर्यंत तिथेच राहते. एकटीने व्यवसाय करणाऱ्या बाईसाठी हा खर्च मला योग्य वाटतो.

माल हटल्यावर समोरचा प्रतिनोटीस देऊ शकतो. त्यात त्याला आपलं खरं नाव, पत्ता आणि अमेरिकी न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य असल्याचं लिहावं लागतं. चोर सहसा इथपर्यंत येत नाहीत. आला, तर तुम्ही दावा दाखल केला नाही तर 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत माल परत चढतो. दावा करावा का? 2007 मध्ये सेकंड लाइफमधल्या सहा निर्मात्यांनी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका नक्कल करणाऱ्यावर दावा केला होता. तडजोडीत त्याने यापुढे नक्कल न करण्याचं मान्य केलं आणि भरपाई दिली 525 डॉलर. वकिलांचा खर्च किती झाला असेल याचा अंदाज तुम्हीच करा. प्रतिनोटीस देणारा अमेरिकेत राहत असेल तर तिथलं कॉपीराइट क्लेम्स बोर्ड हा स्वस्त मार्ग आहे. 2022 पासून ते चालू आहे, भरपाईची मर्यादा 30,000 डॉलर, दाव्याचं शुल्क एकूण 100 डॉलर. मात्र अमेरिकेतल्या नोंदणीचा अर्ज आधी केलेला हवा आणि समोरच्याला त्यातून बाहेर पडण्याची मुभा असते.

विक्रेत्याला आधी साधा संदेश पाठवावा का, याचं माझं उत्तर परिस्थितीवर आहे. पुष्कळदा विक्रेता स्वतः चोर नसतो. त्याने कुणाकडून तरी ‘फुल पर्म’ (सगळ्या परवानग्या खुल्या असलेला) संच विकत घेतलेला असतो. तुमच्या प्रकरणात निर्माता म्हणून तिसरंच नाव दिसतंय, म्हणजे ही शक्यता खरी आहे. पुरावा बंदिस्त झाला आणि नोटीस तयार असली, तर दोन-तीन दिवसांची मुदत देऊन सभ्य संदेश लिहा: हे माझं काम आहे, तुलना सोबत आहे, विक्री थांबवा आणि हा संच कुठून घेतलात ते सांगा. उत्तर आलं तर खरा स्रोत कळतो, आणि ओपनसिमवरची गळतीही बहुधा तिथूनच सापडते.

ओपनसिम म्हणजे एक कंपनी नव्हे. तेच खुलं सॉफ्टवेअर वापरून कुणीही स्वतःचं जग उभं करतं आणि काही ग्रिड एखाद्याच्या घरच्या सर्व्हरवर चालतात. आधी ग्रिडच्या चालकाला लिहा. अनेक चालक सज्जन असतात आणि लगेच काढतात. दाद लागली नाही तर सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीला नोटीस द्या. ती कंपनी भारतात असेल तर आपल्या कायद्याचं कलम 52(1)(सी) आणि 2013 च्या नियमांतला नियम 75 लागू होतो: लेखी तक्रार मिळाल्यावर खात्री पटली तर 36 तासांत प्रवेश बंद करायचा, आणि 21 दिवसांत तुम्ही न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. फुकट वाटलेल्या प्रती एका ग्रिडवरून दुसऱ्यावर जात राहतात. प्रत्येकीच्या मागे लागू नका. जिथे विक्री होते आणि जिथून प्रती निघतात तेवढं पकडा.

भारतातली नोंदणी. कॉपीराइट कृती घडताच मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. भारत 1928 पासून कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराचा सदस्य आहे आणि अमेरिका 1989 पासून, त्यामुळे तुमचं काम तिथेही संरक्षित आहे. नोंदणीचा उपयोग एवढाच की कलम 48 प्रमाणे तो प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. फॉर्म 14, कलाकृतीला 500 रुपये, हरकतींसाठी 30 दिवस थांबणं, आणि हे प्रत्येक कृतीसाठी वेगळं. सगळ्या मालाची नोंदणी करू नका. सर्वांत जास्त खपणाऱ्या दोन-तीन वस्तू निवडा आणि मेशच्या चित्रांसोबत टेक्स्चरची पूर्ण चित्रं जोडा. स्क्रिप्ट मोठी असेल तर ती ‘संगणक कार्यक्रम’ म्हणून साहित्यकृतीत जाते, तिचा अर्ज वेगळा. नोंदणीवाचून नोटीस अडवून ठेवू नका. आणि स्वतःलाच पोस्टाने बंद पाकीट पाठवण्याच्या सल्ल्याला कायद्यात आधार नाही. त्यापेक्षा ब्लेंडरची फाइल दर टप्प्याला नव्या क्रमांकाने जतन करा, थर असलेल्या चित्राची मूळ फाइल सपाट करून टाकू नका, कागदावरची कच्ची रेखाटनं फेकू नका. चोराकडे तयार वस्तू असते, ती कशी घडत गेली हे दाखवणारं काहीही नसतं.

ग्रुपमध्ये नाव जाहीर करू नका. तो विक्रेता स्वतःच फसलेला निघाला तर तुम्ही अब्रुनुकसानीच्या बाजूला उभ्या राहाल आणि मंचाच्या वर्तनाच्या नियमांतही अडकाल. ग्राहकांना एवढंच सांगा की अस्सल माल फक्त तुमच्या दुकानात मिळतो.

रोब्लॉक्स या खेळांच्या मंचावर कपडे करणाऱ्या मुलांच्या पालकांचीही अशीच पत्रं येतात, म्हणून इथेच सांगते: मूल त्याच्या कलाकृतीचं लेखक आणि मालक असतं, पण 18 वर्षांखालच्याने केलेला करार आपल्या कायद्यात ग्राह्य नाही. हस्तांतराचा लेख, परवाना आणि तक्रार हे पालकांनीच हाताळावं. रोब्लॉक्सची ‘राइट्स मॅनेजर’ नावाची स्वतःची व्यवस्था आहे, तिथून जावं.

बंद करू का? नाही. पण विक्रीची रीत बदला. जाळी आणि चित्र कधी ना कधी कुणीतरी उचलेल हे गृहीत धरा आणि मालाचं मोल स्क्रिप्टमध्ये आणि सेवेत सरकवा: रंग आणि काठ बदलणारा हड (स्क्रीनवर दिसणारी बटणांची पाटी), पदर मोकळा किंवा कमरेला खोचायची सोय, हरवल्यास पुन्हा पाठवणी, अवताराच्या नव्या शरीरांसाठी मोफत सुधारित आवृत्ती. चोरलेल्या प्रतीला यातलं काहीच मिळत नाही, आणि नवं शरीर बाजारात आलं की ती प्रत अंगावर नीट बसेनाशी होते. डेमोवर ‘डेमो’ हा शब्द टेक्स्चरमध्येच बेक करा, वरून लावलेली पाटी काढता येते. यूव्हीच्या रिकाम्या जागेत बारीकशी खूण सोडा.

परवानग्या लावतानाची एक चूक फार सर्रास होते. इन्व्हेंटरीत असलेल्या वस्तूची पुढच्या मालकाची परवानगी बदलली तरी आतल्या स्क्रिप्ट आणि टेक्स्चरची जुनीच राहते. वस्तू जमिनीवर ठेवा, कंटेंट्समध्ये जाऊन एकेक घटक तपासा, परत घ्या, आणि दुसऱ्या खात्यावर पाठवून काय काय उघडतं ते बघा. फुल पर्म टेक्स्चर चुकून आत राहिलं असेल तर चोराला कसलंही साधन लागत नाही. दुकानात मांडलेल्या नमुन्यांवर ‘कुणीही प्रत घ्यावी’ ही खूण नाही ना, तेही पाहा. आणि मित्रयादीत ‘माझ्या वस्तू संपादित करा’ ही परवानगी कुणाकुणाला दिली आहे ते तपासा. दुकान मांडायला मदत करणाऱ्यांना ती दिली जाते आणि काम झाल्यावर काढून घ्यायची राहून जाते.

कामांचा क्रम असा ठेवा: या शनिवार-रविवारी पुरावा आणि वायरफ्रेमची तुलना, मग पुण्याच्या मुलाचा सहीचा लेख आणि काठाचा परवाना, त्यानंतर विक्रेत्याला संदेश, आणि मुदत संपताच वकिलांच्या सहीने नोटीस.